नैराश्यातल्यांचा आधारगट : महिन्याचे ७२० तास आणि डॉक्टरांसमोरची १५ मिनिटं

मानसोपचारतज्ज्ञांकडे नियमित जाणाऱ्या माणसाच्या वेळेचा हिशोब मांडून बघा. तीस दिवसांच्या महिन्याचे तास होतात ७२०. त्यातली डॉक्टरांसमोर मिळतात दहा-पंधरा मिनिटं, सरकारी ओपीडीत गर्दी असेल तर त्याहून कमी. गोळ्या लिहून मिळतात, पुढची तारीख मिळते आणि बाहेरचा शिपाई पुढचं नाव पुकारतो. उरलेला सगळा वेळ तो माणूस घरात, दुकानात, शेतात, एसटीत किंवा केएसआरटीसीच्या बसमध्ये असतो. तिथं भेटणारे त्याला म्हणतात, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? जरा चार माणसांत मिसळ, बरं वाटेल."

असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. पण चार माणसांत मिसळणं हेच या आजारात सगळ्यात अवघड होऊन बसलेलं असतं, हे त्यांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, म्हणजे जे स्वतः त्यातून गेलेत किंवा जाताहेत, अशांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसायचं आणि बोलायचं, याला आधारगट म्हणतात. काही ठिकाणी स्वमदत गट असंही नाव आहे. आपल्या सीमाभागात मानसोपचाराचे दवाखाने गेल्या काही वर्षांत वाढले, गोळ्या तालुक्याच्या गावीही मिळतात. हे गट मात्र अजून फारसे कुणाला ठाऊक नाहीत. ऐकून असतात त्यांच्याही डोक्यात घोटाळा असतो. कुणाला तो सत्संग वाटतो, कुणाला व्यसनमुक्तीची मीटिंग, तर कुणाला नुसता व्हॉट्सअॅप ग्रुप. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी कॉमर्सचा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधोपचारावर मत देणार नाही. गट कसा चालतो, तो काय देतो आणि काय देऊ शकत नाही, एवढंच सांगणार आहे.

आजार किती, उपचार किती

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशाची मानसिक आरोग्य पाहणी केली. मुख्य पाहणी १२ राज्यांत झाली. त्यात गुजरात आणि मध्य प्रदेश होते, म्हणजे बडोदा-इंदूरकडच्या वाचकांची राज्यं त्यात आली. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा त्यात नव्हते. या पाहणीनुसार दर २० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. दुसरा आकडा जास्त बोचणारा आहे. हा आजार असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचारच पोचत नाहीत.

न पोचण्याची कारणं आपल्याला पाठ आहेत. डॉक्टर लांब, पैसे नाहीत, लोक काय म्हणतील. एक कारण मात्र कमी बोललं जातं. आजार झालाय हेच अनेकांना कळत नाही, कारण तो मनाचा म्हणून येतच नाही. डोकं जड, छातीत धडधड, पोटात गॅस, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग, अशा रूपात तो येतो. मग सलाईन लावलं जातं, ताकदीची इंजेक्शनं होतात, एक्स-रे होतो, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, "बघ, तुला काही झालेलं नाही." यात दोन-दोन वर्षं जातात.

'संघ' म्हटलं की हप्ता आठवतो

आपल्याकडे बायकांना 'संघ' म्हटलं की स्त्रीशक्ती संघ, बचत आणि कर्जाचा हप्ता आठवतो. आधारगटाची शिस्त खरं तर तशीच आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, प्रत्येकीनं हजर राहायचं, प्रत्येकीची पाळी. पैसा मात्र यात नाही आणि नावांचं रजिस्टरही नाही. भिशीत प्रत्येक जण थोडं घालतो आणि पाळी आली की उचलतो, तसंच इथं ऐकण्याचं असतं. आज तुम्ही पाच जणांचं ऐकता, कारण पुढच्या खेपेला तुमचं ऐकायला पाच जण हवेत.

ही कल्पना आली ती दारू सोडू पाहणाऱ्यांकडून. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी १९३५ मध्ये दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू केलं. त्यातला एक शेअर बाजारातला माणूस होता, दुसरा स्वतः सर्जन. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, शिकागोतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अब्राहम लो यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या मनोरुग्णांचे असेच गट बांधले. पुढं ते गट रुग्णांनी स्वतःच चालवले. नैराश्याचे आजचे गट या दुसऱ्या वाटेच्या जास्त जवळचे आहेत. त्यात बारा पायऱ्या नसतात, कुणी कुणाचा गुरू नसतो आणि गोळ्या घेणं ही हार मानली जात नाही.

आपल्या महाराष्ट्राकडं पाहिलं तर पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं हे काम मराठीतून रुजवलं. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी हे तिचे संस्थापक. त्यांच्या घरातच हा आजार होता. 'देवराई' हा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल, त्याच्यामागंही त्यांचंच बळ होतं. या संस्थेच्या वर्तुळात रुग्ण हा शब्द मागं टाकून 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी वाहणाऱ्या घरच्या माणसाला 'शुभंकर'. शब्द थोडे पुस्तकी वाटतात खरे, पण 'पेशंट' आणि 'पेशंटचा भाऊ' यांपेक्षा ते बरेच बरे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेनंही मानसिक आरोग्य हा विषय दवाखान्याच्या बाहेर, लोकांच्या बोलण्यात आणला.

बैठक कशी चालते

गट सहा ते बारा जणांचा बरा. तिघं-चौघं असले की दोघं न आल्यावर मोडतो आणि पंधरा झाले की सगळ्यांची पाळी येत नाही. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, दीड तास. वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. हे बंद करणं महत्त्वाचं आहे. नैराश्यातल्या माणसाला कुठं किती वेळ अडकावं लागेल याचीच धास्ती असते. साडेचारला सुटणार हे नक्की असेल तर तो यायचं धाडस करतो.

जागा कुठली? दवाखाना नको, कारण तिथं गेलं की सगळे रुग्ण होतात. देऊळ किंवा मठ नको, कारण तिथं काही जण येऊ शकणार नाहीत. कुणाचं घर तर नकोच. घर म्हटलं की चहा-पोह्यांची धांदल, सासूबाई आतल्या खोलीत आणि शेजारीण दारात. रविवारी रिकामा असलेला शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली उत्तम. बाहेर पाटी लावायची नाही आणि गटाच्या नावात 'नैराश्य', 'मानसिक' असे शब्द घालायचे नाहीत.

सगळे गोल बसतात. सूत्रधार नियम वाचून दाखवतो, प्रत्येक वेळी आणि जुन्यांसमोरही. मग फेरी सुरू होते. प्रत्येकानं पाच-सात मिनिटं आपला गेला आठवडा सांगायचा. बोलायचं नसेल तर "आज मी फक्त ऐकतो" एवढं म्हणायचं आणि त्यावर कुणी का म्हणून विचारायचं नाही. फेरी झाली की ज्याला काही विचारायचं असेल तो विचारतो.

आता नियमांतला सगळ्यात कठीण नियम, तो म्हणजे सल्ला द्यायचा नाही. आपल्या लोकांना हे जड जातं. समजा एक काकू म्हणाल्या, "आठ दिवस झाले, अंघोळ करायचं पण नको वाटूलालंय. सून बघती, काही बोलत नाही, पण मला कळतं." यावर आपल्यातल्या कुणाच्याही जिभेवर येईल, "काकू, सकाळी लवकर उठायचं, तुळशीला पाणी घालायचं, आपोआप जमतं." गटात असं बोललं तर सूत्रधार थांबवतो. त्याऐवजी शेजारचा माणूस म्हणू शकतो, "माझंही तसंच झालेलं, काकू. मी तेव्हा अंघोळ सोडली आणि नुसतं तोंड धुवायचं ठरवलं. पाच दिवस तेवढंच केलं." फरक लहान दिसतो, पण तोच सगळा मुद्दा आहे. पहिल्या बोलण्यात काकू चुकताहेत असं निघतं. दुसऱ्यात काकूंना कळतं की समोरच्या धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही अंघोळ डोंगराएवढी वाटली होती आणि तो आज इस्त्रीचा शर्ट घालून इथं बसलाय. हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. सांगितलं तरी त्याला तितकी किंमत येत नाही.

म्हणून वाक्य 'मी'नं सुरू करायचं, 'तू'नं नाही.

औषधांबद्दलचा नियमही तितकाच कडक हवा. गोळी घेतो, झोप येते, तोंड कोरडं पडतं, हे सांगायला हरकत नाही. पण "मी घेतो ती घेऊन बघ" किंवा "मी गोळ्या सोडल्या, काही झालं नाही, तू पण सोड" हे वाक्य गटात आलं तर ते तिथल्या तिथं अडवायचं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. त्रास मात्र आधी सुरू होतो. नेमक्या याच काळात लोक गोळ्या टाकून देतात. गटात कुणी "मलाही पहिले पंधरा दिवस असंच झालं, मी डॉक्टरांना फोन केला" असं म्हणणारं असेल तर तेवढ्यानं माणूस थांबतो आणि डॉक्टरांकडं परत जातो. गटाचा वैद्यकीय उपयोग मला विचाराल तर मुख्यतः हाच आहे.

राहिलेले नियम थोडक्यात सांगतो. गटात उसनेपासने नाहीत. पॉलिसी, चेन मार्केटिंग, प्लॉट, काहीही विकायचं नाही. (हसू नका, दहा दुःखी माणसं एका जागी बसलीत हे कळलं की विकणारा येतोच.) सीमाप्रश्न, निवडणूक, महाराज, उपास यांवर चर्चा नाही. चहाचा खर्च डब्यात, ज्याला जमेल त्यानं टाकायचा.

गुप्तता : खडेबाजारात भेटलात तर ओळख नाही

मोठ्या शहरात गटातली माणसं एकमेकांना पुन्हा रस्त्यात भेटायची शक्यता कमी. बेळगाव, निपाणी, खानापुरात ती रोजची. गटात शेजारी बसलेली बाई उद्या तुमच्या मावसबहिणीची विहीण निघेल. म्हणून इथं नियम जास्त स्पष्ट हवा. गटात ऐकलेलं बाहेर, घरीसुद्धा, सांगायचं नाही. बाजारात भेट झाली तर समोरचा ओळख दाखवेल तरच दाखवायची. "हे कुठनं ओळखीचे?" असं बायकोनं विचारलं तर काय सांगायचं तेही आधी ठरवून ठेवलेलं बरं.

इथं कायद्याची बाजू समजून घ्या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. गटातले सभासद उपचार करणारे नसतात, त्यामुळं गटातली गुप्तता टिकते ती एकमेकांच्या शब्दावर. ती एकदा फुटली की गट संपला असंच समजा. मुलीचं लग्न ठरायचंय, मुलाची नोकरी नवी आहे, अशा घरातल्या माणसानं पहिल्याच दिवशी सगळं सांगू नये. दोन-तीन बैठका नुसतं ऐकावं, माणसं जोखावीत. काही जण मुद्दाम दुसऱ्या गावच्या गटात जाणं पसंत करतील, म्हणजे निपाणीचा माणूस कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावला. बसभाडं जातं, पण जीव मोकळा राहतो.

व्हॉट्सअॅपचं वेगळं सांगायला हवं. गट झाला की कुणीतरी उत्साहानं ग्रुप काढतो. पहिल्या आठवड्यात सुविचार येतात, दुसऱ्यात गुलाबाची फुलं, आणि तिसऱ्यात रात्री दोनला कुणीतरी "आता सहन होत नाही" असं लिहितो. अकरा जण झोपलेले असतात. सकाळी उठून ते वाचणाऱ्याच्या मनावर काय होतं ते सांगायला नको. शिवाय स्क्रीनशॉट कुठं जाईल त्याचा नेम नाही. ग्रुप ठेवायचाच तर बैठकीची तारीख आणि जागा कळवण्यापुरता, आणि तोही फक्त सूत्रधारांनाच लिहिता येईल असा. डीपीवर गटाचं नाव नको.

भाषेचा मुद्दा

सीमेपलीकडं राहणाऱ्या मराठी माणसाला हे गट आणखी एका कारणानं हवेत. रेशनकार्ड, सातबारा, बँक हे सगळं कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगूत चालून जातं, इतक्या वर्षांत सवय झाली आहे. दुःख मात्र चालत नाही. बेळगावातल्या बऱ्याच डॉक्टरांना मराठी येतं, तेव्हा तक्रार कुणाबद्दल नाही. पण धारवाडला किंवा बेंगळुरूला गेलेल्या आपल्याकडच्या बाईला "जीव नुसता आत ओढल्यासारखा होऊलालाय, कशात मन नाही, काय ते कळना झालंय" हे कन्नडमध्ये सांगायचं असेल तर ती काय करणार? ती सांगते, "डोकं दुखतं." पुढं डोक्याचाच इलाज होतो. बडोदा आणि ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत उलटं आहे. नातवंडांचं शिक्षण आणि मित्र हिंदी-गुजरातीत, पण आजीचं आतलं बोलणं मराठीतच, आणि ते ऐकायला घरात कुणाला वेळ नाही.

शब्दांची अडचण प्रमाण मराठीतही आहे. 'नैराश्य' म्हटलं की निराशा, म्हणजे काहीतरी मनाविरुद्ध झालं म्हणून खचलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. अनेक रुग्ण म्हणतात, माझं काहीच मनाविरुद्ध झालेलं नाही, घरदार ठीक आहे, मग मला नैराश्य कसं? त्यांना वाईटही वाटत नसतं, काहीच वाटत नसतं. ताटातलं आवडतं माशाचं कालवण आणि कोरडी भाकरी यांत फरक लागत नाही. कन्नडमध्ये 'खिन्नते' म्हणतात. आपला 'खिन्नता' हा शब्द त्याचाच भाऊ आणि बहुधा जास्त बरोबर, पण बोलण्यात नाही. लोक शेवटी 'डिप्रेशन' किंवा नुसतं 'टेन्शन' म्हणतात. गटात या शब्दांची गरज लागत नाही. तिथं "परवा दिवसभर भिंतीकडं बघत बसलो" एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. दहा माणसांना एका बोलीत एकत्र बसायला सरकारची परवानगी लागत नाही आणि भाषांतरकारही लागत नाही.

खरंच गुण येतो का?

नुसतं बोलून काय होणार, असं विचारणाऱ्यांसाठी थोडे आकडे. २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांनी नैराश्यावरच्या अशा परस्पर-आधाराच्या चाचण्या एकत्र तपासल्या. सात चाचण्यांत मिळून ८६९ लोक होते. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, आधार मिळालेल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. दुसऱ्या सात छोट्या चाचण्यांत ३०१ लोक होते. तिथं तुलना प्रशिक्षित पद्धतीच्या गट-उपचाराशी होती, आणि दोन्हींत ठळक फरक आढळला नाही. चाचण्या लहान होत्या हे लक्षात ठेवून हे वाचायला हवं.

युगांडातली चाचणी जास्त गाजली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३० खेड्यांतले लोक होते. बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे गट करून १६ आठवडे बैठका घेतल्या. चालवणारे डॉक्टर नव्हते, थोडं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. गटात आलेल्यांत आधी ८६ टक्क्यांना नैराश्य होतं, शेवटी ६.५ टक्के राहिलं. गट न मिळालेल्या गावांत ९४ वरून ५४.७ वर आलं. या दुसऱ्या आकड्याकडंही बघा. काही न करताही काहींचं नैराश्य काळानं ओसरतं. त्यामुळं गटाचं श्रेय ८६ वजा ६.५ इतकं धरणं चुकीचं, दोन्ही घसरणींतला फरक धरायचा. तोही मोठाच आहे. अर्थात ते ठरवून दिलेल्या पद्धतीचे उपचार-गट होते, आपला रविवारचा वर्ग म्हणजे तेच नव्हे.

आपल्या शेजारी गोव्यात झालेला प्रयोग तर घरचाच. गरोदर आणि बाळंतिणींमधल्या नैराश्यावर तिथं 'सखी' नेमल्या. या डॉक्टर-नर्स नव्हेत, त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या बायका. त्या घरी जाऊन बोलत. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्या बायकांचं प्रमाण सखी मिळालेल्यांत जास्त होतं, पण लक्षणांची तीव्रता मोजली तेव्हा फरक स्पष्ट दिसला नाही. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. मला हा निकाल जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो आपल्या अनुभवाशी जुळतो. समजून घेणारं माणूस मिळालं तर उठायला बळ येतं, पण नवऱ्याचं पिणं आणि घरातली तंगी त्यानं जात नाही.

कुणी येऊ नये, आणि कुठं थांबायचं

ज्याला अंथरुणातून उठवत नाही, जेवण तुटलंय, त्याला ओढून गटात नेऊ नका. त्याला आधी डॉक्टर हवेत. कानात आवाज येणं, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं, किंवा उलट झोप न लागता अचानक प्रचंड उत्साह आणि खर्च, अशा अवस्थेतही गट नाही, दवाखाना. बरं वाटू लागल्यावर गट.

गटाचं नुकसानही होऊ शकतं. सूत्रधार ढिला असेल तर बैठक रडगाण्याची होते. दर खेपेला तीच तक्रार, तोच भाऊ, तीच वाटणी, आणि सगळे घरी जाताना आले त्यापेक्षा जड होऊन जातात. म्हणून फेरीच्या शेवटी प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारायची पद्धत चांगली असते. पुढच्या बैठकीपर्यंत एखादी लहान गोष्ट कुठली करणार? कोपऱ्यापर्यंत चालत जाणं, बहिणीला फोन, रेशन आणणं. पुढच्या खेपेला विचारायचं, झाली का? झाली नसेल तरी ओरडा नाही.

सूत्रधार दोघं असावेत, बऱ्यापैकी सावरलेले, आणि काही महिन्यांनी बदलावेत. एकटाच चालवणारा स्वतः पुन्हा आजारी पडतो. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना महिन्यातून एकदा सूत्रधारांशी बोलायला सांगितलं तर उत्तम. त्यांनी गटात बसायची गरज नाही.

आणि आत्महत्येचा विचार कुणी बोलून दाखवला तर? इथं गुप्ततेचा नियम मोडायचा, आणि तो मोडला जाईल हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवायचं. थेट विचारायचं, "मरावंसं वाटतंय का? काही ठरवलंय का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचा बऱ्याचदा सुटकाराच वाटतो. उपदेश, देवाची शपथ, "पोरांचा तरी विचार कर", यातलं काही नको. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवायचं आणि सोबत दवाखान्यात जायचं. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि तिथं मराठीतही बोलता येतं. कर्नाटकात किंवा गुजरातेत असलात तरी फोन उचलल्यावर भाषा मराठी मागा. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर ११२.

गट मिळणार कुठं

तयार गट असेल तर तो बहुतेक मानसोपचार विभागाच्या ओळखीनंच कळतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात, त्यांना विचारा. मोठ्या संस्था म्हणाल तर धारवाडला डिमहान्स, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, बडोद्यात कारेलीबागेतलं, इंदुरात बाणगंगेचं, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, हैदराबादेत एर्रागड्डा. तिथल्या समाजसेवा विभागात "आमच्या भाषेत गट आहे का?" असं विचारायला लाजू नका. नसला तर निदान मागणी आहे हे त्यांना कळेल.

नसेल तर सुरू करता येतो. दोन माणसं आणि एक खोली एवढ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं असे गट कसे चालवावेत यावर पुस्तिकाच काढली आहे, ती इंग्रजीत आहे. पण त्यातलं बरंचसं वर आलं तेच. पुरुष सहसा येत नाहीत, ही सगळीकडची रड. त्यांना 'चर्चा' म्हणून बोलावलं तर येत नाहीत. सोबत चालायला जाऊ म्हटलं तर येतात आणि चालता चालता बोलतात. बायकांना यायचं असतं पण निघता येत नाही. त्यांच्यासाठी दुपारी तीन ते साडेचार ही वेळ, पोरं शाळेतून यायच्या आणि नळाला पाणी यायच्या आत, आणि शक्यतो गट वेगळा. दोघांना एकत्र बसवलं की बायका नवऱ्याबद्दल बोलतच नाहीत.

एक गोष्ट मात्र चालवणाऱ्यांनी आधीच ओळखून ठेवावी. बचत गटात सभासद कमी झाले तर काहीतरी बिघडलंय असं आपण समजतो. इथं ज्याला बरं वाटतं तो यायचा थांबतो. दुकान पुन्हा उघडतो, लग्नकार्यांना जाऊ लागतो, रविवारी त्याला वेळ नसतो. उरतात ते अजून बरे न झालेले, आणि नव्यानं दारात आलेल्याला वाटतं की इथं कुणीच सुधारत नाही. म्हणून सावरून गेलेल्यांकडून जातानाच शब्द घ्यावा, की दोन महिन्यांतून एकदा तरी येऊन अर्धा तास बसायचं. बोललं नाही तरी चालेल.